कोंडीबाकडची सुंदरी

सारजाबाईनं नवऱ्याचा कोट खुंटीवरून काढला, परसात नेऊन दोनदा झटकला, आणि तिसऱ्या झटक्याला आतल्या खिशातून एक पुरचुंडी फरशीवर पडली.

लाल फडक्याची, बोटाच्या पेराएवढी. दोऱ्याचे वेढे इतके नेटके होते, की बांधणाऱ्याला कसलीही घाई नव्हती हे दिसत होतं. तिनं पाठ फिरवून गाठ सोडली. आत कसल्यातरी वाळल्या पानाचे चपटे तुकडे होते. एकावर एक ठेवून करकचून बांधलेले आणि पितळेच्या बारीक नळीत बसवलेले. टोकं काळपट होती, ओलसर. कुणीतरी तोंडात धरल्यासारखी.

गावाकडं असल्या चिजा निघायच्या. कुणाच्या उंबऱ्याखाली पुरलेल्या, कुणाच्या उशीत शिवलेल्या. दुसरीचा नवरा आपल्याकडं ओढून घ्यायचा असला की असलंच काहीतरी करतात, असं बाया कुजबुजायच्या.

"काय पडलं, अक्का?" हौदापाशी भांडी घासणाऱ्या शरणम्मानं विचारलं.

"काय न्हाय. सुपारीचं खांड."

शरणम्मानं मान खाली घातली आणि ती पुन्हा तांब्याला राख लावू लागली. ज्याला ठाऊक नसतं तो दुसऱ्यांदा विचारतो, असं सारजाबाईच्या मनात आलं. शरणम्मानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं हे घर शरणम्माचा नवरा कल्लप्पा अडत्या याचं. सारजाबाईचा नवरा कुंडलिक जेऊरहून दरसाल करडई त्याच्याच अडतीला घालायचा, आणि पौषात सिद्धेश्वराची जत्रा, सोलापूरकरांचा गड्डा, भरला की पाच दिवस याच घरी उतरायचा. एकटा. सोळा वर्षं हे असंच चाललं होतं. सोलापुरात मार्शल लॉ झाला त्याच्या पुढच्या जत्रेला तेवढा तो गेला नव्हता, आणि मग उन्हाळाभर आजारी माणसासारखा घरात वावरला होता. तेव्हा तिनं त्याचा फारसा विचार केला नव्हता. आता करत होती.

या खेपेला ओढ्यावर धुणं धुताना शेजारची सोनाबाई म्हणाली होती, "सोळा वरसं एकच देव पुरतुया व्हय गं तुज्या मालकाला?" बाया हसल्या. सारजाबाईही हसली. मग घरी येऊन तिनं सांगून टाकलं, "ह्या साली मी बी येणार."

कुंडलिकनं नाही म्हटलं नाही. तेच तिला खुपलं. नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. तो नुसता थांबला, हातातली पेंढी खाली ठेवली आणि म्हणाला, "चल की. गाणंबजावणं लई असतंय तितं."

आणि गाणंबजावणं खरोखरच होतं. तळ्यातल्या देवळाच्या पायऱ्यांवर कानडी भजनाचे फड बसायचे. शब्द कळायचे नाहीत, पण एक म्हातारा शेवटच्या ओळीला आवाज असा उतरवायचा की बायांचे हात आपोआप जोडले जायचे. शहरातून नंदीध्वजांच्या सजवलेल्या काठ्या निघत, झाडाएवढ्या उंच, आणि त्यांच्यापुढं हलगी कडाडायची तेव्हा छाती दणाणायची. तिकडं मैदानात पाळणे, बांगड्यांची दुकानं, नाटकाचे तंबू. जेऊरच्या स्टेशनाबाहेरचं जग फारसं न पाहिलेल्या सारजाबाईला हे सगळं डोळे भरून पाहावंसं वाटत होतं. पण पाहायला बसलं की लक्ष शेजारी जायचं. शेजारची जागा रिकामी असायची.

पहिल्या दिवशी तंबूत नाटक लागलं होतं. नायिकेचं काम करणारा पुरुष पदर सावरत गायला उठला आणि कुंडलिक अंधारातून वाकून म्हणाला, "वाईच पाय मोकळं करून येतो." नाटक संपल्यावरच तो परत आला. बाहेरच्या गॅसबत्तीखाली तिनं त्याच्याकडं पाहिलं. ओठ लाल होते. लाल आणि जरासे सुजलेले. जन्मात पानाला न शिवलेला माणूस. त्याच्या तोंडाला विड्याचा वास येतो का, हे बघायला ती घरी येईपर्यंत त्याच्या अगदी जवळून चालली. वास आला नाही. म्हणजे तोंड धुऊन आला होता.

आता ही पुरचुंडी. तिनं ती पुन्हा तशीच बांधली, खिशात ठेवली आणि कोट खुंटीला लावला. माजघरातून परत जाताना पुढच्या ओसरीवर कल्लप्पाचा हलका आवाज ऐकू आला.

"कोंडीबानं सुंदरी आणलीय, अक्कलकोटहून. नवी. दुपारी समदी माणसं अक्षतेला जातील, तवा ये म्हणाला."

"बरं," कुंडलिकचा आवाज. आणि मग, बावीस वर्षांच्या संसारात तिनं क्वचितच ऐकलेलं, त्याचं हसू.

सारजाबाई खांबाला धरून उभी राहिली. नाव कळलं होतं. आणून देणाऱ्याचंही कळलं होतं. ती नवी होती, हेही.

अक्षतेचा मुहूर्त दुपारचा होता. सिद्धेश्वराचं लग्न पाहायला सगळं शहर तळ्याकडं लोटलं होतं. साळी, कोष्टी, गिरणीतली माणसं, अक्कलकोटकडचे कानडी शेतकरी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. कुंडलिकनं बायकोला शरणम्माच्या हवाली केलं. "तुमी म्होरं व्हा. मी कल्लप्पाबरुबर येतो." कल्लप्पा मात्र त्याआधीच अडतीवर गेला होता, हे सारजाबाईनं पाहिलं होतं.

चार घरं ओलांडल्यावर ती थांबली. "अक्का, माझं पैंजण राहिलं हौदावर. तुमी चला, मी गाठते."

शरणम्मानं तिच्या पायांकडं पाहिलं. पायांत पैंजण होतं. शरणम्मानं आपला पदर सावरला आणि ती म्हणाली, "उन्हाचं जाऊ नका लांब, अक्का." मग गर्दीत मिसळून गेली.

कुंडलिक सगळ्या शहराच्या उलट दिशेनं चालला होता. लोंढा तळ्याकडं येत होता आणि त्यातून वाट काढत त्याचा पांढरा पटका विजापूर वेशीच्या बाजूला सरकत होता. सारजाबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि ती मागं निघाली. तो एकदाही मागं वळला नाही. चालही ओळखीची नव्हती. गावात तो पाच जणांत बसणारा माणूस होता, सावकाश, मोजून पाऊल टाकायचा. इथं तो शाळा सुटल्यासारखा चालला होता.

एका बोळात तो वळला आणि शेवटच्या ठेंगण्या घरात वाकून शिरला. दार लोटलं गेलं.

ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. काय करायचं हे तिनं वाटेत ठरवलं होतं. दार ढकलायचं, तिच्या झिंज्या धरायच्या आणि गल्लीत ओढून आणायचं. लोकांनी पाहिलं तर पाहू दे. पण पाय उचलेना. गल्ली सामसूम होती. एक शेळी भिंतीला अंग घासत होती.

मग आतून आवाज आला.

आधी तिला वाटलं, कुणी बाई रडते आहे. बारीक, नाकातून, मधेच तुटत. मग तो सूर वर चढला, वर जाऊन एका जागी थांबला, थरथरला, आणि हळूहळू खाली आला. रडणं असं शहाण्यासारखं खाली येत नाही. तिच्या नकळत तिची पावलं दारापर्यंत गेली.

दार उघडून एक तरणी बाई बाहेर आली. हात पिठाचे. सारजाबाईची नजर तिच्या तोंडावर रुतली. ही? सावळी, थकलेली, कडेवर मूल.

"कोण पायजे?" बाईनं विचारलं.

"हितं... काकणवाली राहती का?"

"न्हाय की. हे कोंडीबा वाजंत्र्याचं घर. मी सून त्यांची." तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाहुणीचा घामेजला चेहरा बघून म्हणाली, "पाणी देऊ का वाईच?"

तिनं पाणी आणायला दार पुरतं उघडलं आणि सारजाबाईला आतलं दिसलं. घोंगडीवर एक पिकल्या मिशांचा म्हातारा डोळे मिटून बसला होता, मांडीवर बोटांनी ठेका धरून. त्याच्या समोर, देवापुढं बसावं तशी मांडी घालून, कुंडलिक. पटका काढून बाजूला ठेवलेला. दोन्ही हातांत दीड वितीचं काळं वाद्य, सनईचं पोर म्हणावं तसं. गाल फुगलेले, कपाळावर शीर उठलेली, डोळे घट्ट बंद. तोंडात धरलेली ती पानाची चपटी जीभ इथूनही तिला ओळखू आली. तो इतका कशात तरी बुडालेला होता की दारात त्याची बायको उभी होती हे त्याच्या गावीही नव्हतं.

खोलीत दुसरी कुणी बाई नव्हती.

"सुंदरी म्हंत्यात तिला," तांब्या देताना सून म्हणाली. पाहुणीची नजर कुठं आहे हे तिनं पाहिलं होतं. "सनईची धाकली भन. ते पावनं जेऊरकडचं हाईत. जिमीनदार माणूस. मी सून हून आले तवापास्नं बगतीया, दर जत्रंला येत्यात. मामंजी म्हंत्यात, ह्यो वाजंत्र्याच्या पोटी यायचा, देवाचं चुकलं."

"आन घरात ठावं न्हाय त्यांच्या?"

"कसं सांगतील? आमचं उष्टं वाद्य तोंडाला लावत्यात. गावात कळलं तर पंगतीतनं उटवतील त्यास्नी." ती आवाज खाली आणून म्हणाली, "आन घरची बी आडवी आसंल. न्हाय तर माणूस सोळा वरसं चोरून कशाला शिकंल?"

सारजाबाईनं तांब्या तोंडाला लावला.

"व्हय," ती म्हणाली. "आसंल आडवी."

"परवा किंक्रांतीला देवापुढं बसनार हाईत. पयल्यांदाच. आमच्या मालकांच्या छातीत दुकतंय, सूर धराय माणूस न्हाई. मामंजींनी लई मनधरनी केली तवा हो म्हनलं." सुनेच्या आवाजात अभिमान होता. "या की ऐकाय. तळ्याकाठच्या मांडवात."

परतीच्या वाटेवर तळ्याकडून वाजंत्र्यांचा एकच कल्लोळ उठला. अक्षता पडल्या होत्या. सगळं शहर आनंदानं ओरडत होतं आणि सारजाबाई रिकाम्या पेठेतून एकटी चालली होती. तिला हलकं वाटायला हवं होतं. संशय खोटा ठरला होता. बाई नव्हती, करणी नव्हती. तरी छातीवरचा दगड तिथंच होता. बाई असती तर भांडता आलं असतं, सोडवून आणता आलं असतं. ह्याला कुठं धरायचं? बावीस वर्षं ती ज्याच्या ताटाशेजारी बसली, ज्याचे चार शब्द ऐकायला दिवस दिवस थांबली, त्याच्याजवळ एवढं होतं आणि तो ते दुसऱ्याच्या घोंगडीवर जाऊन मोकळं करत होता.

आडवी. तो शब्द तिच्याबरोबर घरापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. शरणम्मानं तिळगूळ दिला, बोळक्यांत हरभरे-बोरं भरली, आणि तो शब्द तिथंही शेजारी बसून होता. मी कधी आडवी गेले? तिनं त्याला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, कधी माहेरी निघून गेली नव्हती.

आणि रात्रीच्या भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

लग्नाचं पहिलंच वर्ष. शेतातली खोप. कुंडलिकनं भोपळ्याच्या पानाचा देठ कापून त्याची पुंगी केली होती आणि तिला ऐकवायला म्हणून तो वाजवत होता, कसलीतरी लग्नातली चाल, हसत हसत. ती नवी सून, बाराबंदीतल्या सासऱ्याच्या धाकातली. तिनं इकडं तिकडं बघितलं होतं आणि म्हणाली होती, "पुरं करा. वाजंत्र्यावानी काय त्ये. लोक थुकतील तोंडावर." त्यानं पुंगी बांधावर टाकली होती. ती हे विसरून गेली होती. इतकी पुरती विसरली होती की आता आठवलं तेव्हा ते दुसऱ्याच कुणी बाईनं म्हटल्यासारखं वाटलं.

तव्यावरची भाकरी करपली. ती तिनं स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

किंक्रांतीच्या दुपारी कुंडलिक म्हणाला, "कल्लप्पाबरुबर अडतीवर जाऊन येतो." ती म्हणाली, "जावा." तो गेल्यावर तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि शरणम्माला म्हणाली, "अक्का, तळ्याकाठी सनई हाय म्हनं. येता का?"

शरणम्मानं तिच्याकडं रोखून पाहिलं. "तुम्ही जावा, अक्का. मी घरी असलेली बरी."

मांडवात बायांची बाजू भरत आली होती. पाण्यावरून वारा येत होता, मागं किल्ल्याची काळी भिंत. वाजंत्री येऊन बसले. मधे कोंडीबा, डावीकडं संबळवाला, आणि कोंडीबाच्या मागं जरासा आडोशाला एक माणूस, लाल फेटा भुवयांपर्यंत ओढलेला. सूर धरायला बसला होता. ज्यानं फक्त एकच सूर न तोडता चालू ठेवायचा, तो.

"वैनी? तुमी हितं?"

सारजाबाईनं मान वळवली. केम गावचे हिंदुराव होते, आणि त्यांच्यामागं त्यांची बायको बजाबाई. सारजाबाईच्या लेकीला, गोजीला, त्यांच्या पुतण्यासाठी मागणी घातलेली होती; माघात सुपारी फोडायची बोलणी झाली होती. हिंदुराव म्हणजे तोलूनमापून बघणारा माणूस. पोरगी बघायला आले तेव्हा गोठ्यापर्यंत फिरून बघून गेले होते.

"मालक कुटं हाईत?"

"घरी. डोस्कं धरलंय त्यांचं."

बजाबाई तिच्या शेजारी टेकली. हिंदुराव पुरुषांच्या बाजूला, पण अगदी कडेला, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर बसले. आणि कोंडीबानं सुंदरी तोंडाला लावली.

सारजाबाईनं त्या दुपारी ऐकलेलं पुढं कुणाला नीट सांगता आलं नसतं. कोंडीबा वाजवत होता ते सगळ्यांना कळत होतं, लोक माना डोलवत होते. तिला मात्र त्याच्या मागचं ऐकू येत होतं. तो एक सूर. पाण्यासारखा खाली पसरलेला, त्यावर कोंडीबाची होडी चाललेली. माणूस श्वास कधी घेतो हेच कळत नव्हतं. कोंडीबा थांबला, मागं वळून त्यानं मान हलवली, आणि तो सूर जागचा उठला. भीत भीत दोन पावलं चढला, आणि मग वर, वर, जिथून खाली बघायची भीती वाटावी तिथं जाऊन उभा राहिला. मांडव गप्प झाला. बजाबाईनं डोळ्याला पदर लावला.

लाल फेट्याखालचे डोळे उघडले ते नेमके बायांच्या बाजूला. सूर कापला. क्षणभरच. कोंडीबानं झटकन वरून आपला सूर टाकून तो झाकला.

हिंदुराव पुढं वाकले होते.

"वैनी, त्यो मागचा वाजंत्री. लाल फेट्याचा. आपल्या कुंडलिकरावांवानी दिसतुया की."

"कोण?" सारजाबाईनं मान उंचावून पाहिलं. सावकाश पाहिलं. "त्यो व्हय? आमच्या मालकांचं नाक एवढं बसकं न्हाय बगा."

"न्हाय, पर खांदं..."

"आसत्यात एकासारखी धा माणसं. आमच्या मालकांस्नी साधी शिट्टी वाजवाय येत न्हाय."

हिंदुरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. ते हसले नाहीत. वाजवणं संपून लोक उठू लागले तसे तेही उठले. "चला, तुमास्नी घरापत्तुर सोडतो. रावांचं डोस्कं कसं हाय तेबी बगतो."

आता नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या संशयाला हो म्हणणं होतं. सारजाबाईनं मांडवाकडं पाहिलं. मागची जागा रिकामी झाली होती.

"चला की," ती म्हणाली. "पर बजाबाईस्नी आधी देवाला नेऊ. जोडीनं आलाय तर पाच फेऱ्या घाला. पोरांच्या लग्नाचं हाय."

पाच फेऱ्यांच्या तिनं अकरा करवल्या. वाटेत बांगड्यांच्या दुकानापाशी थांबली, बजाबाईला हिरवा चुडा भरायला लावला, दोन काकणं फुटली तर नवी निवडायला लावली. हिंदुराव घड्याळाच्या साखळीला हात लावत उभे होते आणि तिच्या प्रत्येक थांबण्याकडं बघत होते. काल-परवा ती जशी शरणम्माकडं बघत होती, अगदी तसे.

घराच्या दारात शरणम्मा उभी होती, जशी काही तासभर तिथंच असावी. "मालकांचं डोस्कं कसं हाय, अक्का?" सारजाबाईनं लांबूनच विचारलं.

"बर्री, कुंड्री," तिनं पाहुण्यांना ओसरीवर बसायला सांगितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. दुपारपासनं तळमळत होते बिचारे. सुंठ उगाळून लावली कपाळाला."

सारजाबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या एका प्रश्नापलीकडं कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. शरणम्माच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती.

आत परसाचं दार करकरलं. काहीतरी पडलं. शरणम्मा मोठ्यानं म्हणाली, "मांजर मेलं!" आणि दुधाचे पेले आणायला उठली. हिंदुरावांनी पेला हातात घेतला, पण नजर माजघराच्या दारावरून काढली नाही. थोड्या वेळानं त्या दारात कुंडलिक आला. डोक्याला पंचा करकचून बांधलेला, अंगावर घोंगडी, कपाळाला ओली सुंठ. छाती धावून आल्यासारखी वरखाली होत होती.

"राम राम, हिंदुराव. कवा आलासा?"

"आत्ताच. बसा, बसा. लई दम लागलाय तुमास्नी." हिंदुरावांचे डोळे त्याच्या तोंडावर थांबले. "आन व्हट कशानं सुजलं?"

कुंडलिकनं घोंगडी तोंडापर्यंत ओढली.

"ताप आला हुता राच्चं," सारजाबाई म्हणाली. "तापानं उतलंय तोंड. परवापास्नं तिखाट खाल्लं न्हाई त्यांनी." आणि पुढं होऊन तिनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, चारचौघांत, बाहेरच्या पुरुषासमोर, जे तिनं बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं. "अजून कढत हाय बगा."

हिंदुराव थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दूध संपवलं. "जपा," ते म्हणाले. "माघात भेटू." ते हे हसून म्हणाले की नुसतंच म्हणाले, हे तिला पुढं कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला पेठेतली सगळी माणसं तळ्याकडं निघाली. जत्रेचं शोभेचं दारूकाम होतं. शरणम्मा आणि कल्लप्पाही निघाले. "तुम्ही?" कल्लप्पानं विचारलं. शरणम्मानंच उत्तर दिलं, "त्यांचं डोकं दुखतंय की," आणि नवऱ्याला पुढं घातलं.

घर शांत झालं. कुंडलिक भिंतीला टेकून बसला होता. कपाळावरची सुंठ वाळून तडकली होती.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"अक्षतेच्या दिसापास्नं."

"मग बोलली न्हाईस."

"तुमी सोळा वरसं न्हाय बोललासा."

तो हातांच्या बोटांकडं बघत राहिला. शेतकऱ्याची बोटं, जाड, भेगाळलेली. "गोजीचं ठरलेलं मोडलं असतं आज. माझ्यामुळं."

"न्हाय मोडलं."

"तुला लाज न्हाय वाटली? मला तितं बघून?"

तिला लाज वाटली होती. सून बोलली तेव्हा, खोपीतलं आठवलं तेव्हा. पण ती त्याची नव्हती, स्वतःची होती, आणि हे कसं सांगायचं ते तिला कळत नव्हतं.

"बजाबाई रडली," ती म्हणाली. "मला रडाय सवड न्हाय मिळाली. माझं समदं ध्यान हिंदुरावाकडं." आणि मग, "नीट आयकलंच न्हाय मी."

दूर तळ्याकडं पहिला बाण सुटला. खिडकीच्या गजांवर हिरवा उजेड आला आणि गेला.

"कुटं असती ती?" तिनं विचारलं.

"कोण?"

"सुंदरी."

कुंडलिकनं वर पाहिलं. ज्या खोलीत सारजाबाई पाच रात्री झोपली होती त्याच खोलीच्या माळ्याकडं. "नवी कोंडीबाकडं हाय. माझी जुनी हितंच असती. कल्लप्पाच्या ट्रंकंत."

"काढा खाली. बगू द्या तर खरं, कशी हाय ती."

तो उठला नाही. तिच्याकडं बघत बसला, ती थट्टा करते आहे की काय हे न कळून. सारजाबाई उठली. ओसरीवर जाऊन तिनं पुढचं दार लावलं, आतून कडी घातली, कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग परसाचं दार लावून आली. आणि माजघराच्या उंबऱ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अडवून, ती पदर सावरून बसली.